बेचाळीस फुटांचं रिंगण

भारतीय सर्कशीचा इतिहास इंग्रजीतून वाचायला घेतला की सुरुवातीलाच एक राजा भेटतो : कुर्डुवाडीचा राजा. तो मुंबईत परदेशी सर्कस बघायला आलेला असतो आणि शेजारी त्याच्या घोड्यांचा कारभारी विष्णुपंत छत्रे बसलेला असतो. आता कुर्डुवाडी कोणाला माहीत नाही? सोलापूर जिल्ह्यातलं रेल्वे जंक्शन. बार्शी लाइटच्या छोट्या गाडीसाठी लोक तिथे ताटकळत बसायचे. जंक्शन होतं, फलाट होता, राजा मात्र तिथे कधी नव्हता. कोणाकडून तरी दोन अक्षरं इकडची तिकडे झाली असणार आणि पुढच्यांनी ती तशीच उतरवून घेतली. राजा होता तो कुरुंदवाडचा.

कुरुंदवाड म्हणजे शिरोळ तालुका, पंचगंगेचा काठ. नरसोबाच्या वाडीला दर्शन घेऊन, बासुंदी पिऊन आणि कवठाच्या बर्फीचा पुडा पिशवीत टाकून माणसं परत फिरतात. पूल ओलांडून पलीकडे जावं असं फारसं कोणाला वाटत नाही. पण ही एके काळची राजधानी आहे. पटवर्धनांनी जेवढ्या राजधान्या केल्या तेवढी आपल्याकडे मोठी शहरंही नव्हती : सांगली, मिरज, जमखिंडी, कुरुंदवाड. त्यात कुरुंदवाडच्या पुन्हा १८५४ मध्ये दोन पात्या झाल्या. थोरल्या पातीची गादी इथे राहिली. एवढ्याशा राजधानीत सैन्य काय असणार? पण पागा असायची. संस्थानिकाची ऐट त्याच्या घोड्यांवरून जोखत, आणि घोडा नीट चालवायचा तर चांगला चाबुकस्वार लागे.

आपल्याकडच्या सर्कशीचं कूळ शोधताना लोक डोंबाऱ्याच्या दोरीकडे, कोल्हाट्याच्या उडीकडे, मल्लखांबाकडे बोट दाखवतात. ते चूक नाही, पण ते आजोळ झालं. सर्कशीचं खरं घराणं पागेतलं आहे.

त्याचा पुरावा तंबूच्या मधोमध असतो. रिंगणाचा व्यास जगभर साधारण एकच असतो : बेचाळीस फूट, म्हणजे तेरा मीटरच्या आसपास. हा आकडा ना कसरतपटूंनी ठरवला ना जोकरनं. फिलिप ॲस्टली नावाच्या इंग्रज घोडदळातल्या शिपायानं नोकरी सोडल्यावर १७६८ मध्ये लंडनला घोडेस्वारीचे खेळ सुरू केले. सरळ पळणाऱ्या घोड्याच्या पाठीवर उभं राहणं अवघड. तोच घोडा एका लयीत गोल पळाला की आत झुकतो, आणि त्या वेगानंच पाठीवरचा माणूस सावरला जातो. रिंगण फार लहान केलं तर घोडा अडखळतो, फार मोठं केलं तर ही किमया विरते. करून बघता बघता ॲस्टली बेचाळीस फुटांवर येऊन थांबला. मधल्या वेळात लोक कंटाळू नयेत म्हणून दोरीवरचे, झुल्यावरचे, हसवणारे असे बाकीचे सगळे नंतर बोलावले गेले. नाव मात्र त्याच्या प्रतिस्पर्ध्यानं दिलं. चार्ल्स ह्यूजनं १७८२ मध्ये आपल्या जागेला ‘रॉयल सर्कस’ म्हटलं. लॅटिनमध्ये सर्कस म्हणजे वर्तुळ, फेरा. वारीतलं रिंगण ज्यांनी पाहिलंय त्यांना यात नवल वाटणार नाही. माउलींचा अश्व गोल धावतो आणि भोवती माणसं श्वास रोखून उभी असतात. तिकीट सोडलं तर सगळं तेच.

तर विष्णुपंत. जन्म अंकलखोपचा, कृष्णाकाठचाच. त्यांना दोन नाद होते, गाणं आणि घोडा, आणि दोन्हींसाठी ते ग्वाल्हेरला पोचले. अश्वविद्या बाबासाहेब आपट्यांकडे, गाणं हद्दू खाँसाहेबांकडे. गवई ते झाले नाहीत, पण घोड्यांवर त्यांचा हात असा बसला की परत आल्यावर कुरुंदवाडकरांच्या पदरी जागा मिळाली.

१८७९ च्या सुमारास ज्युसेप्पे चिआरिनी हा इटालियन आपली ‘रॉयल इटालियन सर्कस’ घेऊन मुंबईला आला. पुढची गोष्ट प्रत्येक जण थोडी वेगळी सांगतो. कोणी म्हणतं, हिंदुस्थानी माणसाला असला खेळ उभारायला अजून बराच काळ लागेल, असं चिआरिनी बोलून गेला. कोणी म्हणतं, पैज लागली. एवढं खरं की छत्र्यांना त्या तंबूत जे दिसलं ते त्यांना रोज पागेत दिसत होतं, फक्त तिथे ते पाहायला लोक पैसे देत होते. ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी राहिली. तिच्या पहिल्या खेळाची तारीख २० मार्च १८८० अशी दिली जाते. छत्रे घोड्यांचे खेळ करत आणि त्यांच्या पत्नी झुल्यावर व जनावरांबरोबर काम करत, असं सांगतात. १८८० मध्ये, पटवर्धनांच्या मुलखात, ब्राह्मण घरातली बाई झुल्यावर! मला त्या पैजेपेक्षा या गोष्टीचं अप्रूप जास्त वाटतं.

आता त्याच सालाची दुसरी गोष्ट. त्यासाठी थेट बाल्टिक समुद्राकडे जायला हवं.

आल्बर्ट सालामोन्स्की हाही घोडेस्वारच, घोडे शिकवण्यात नाव मिळवलेला. ऑक्टोबर १८८० मध्ये त्यानं मॉस्कोत स्वतःची सर्कस काढली, आणि तीही तंबूत नाही, पक्क्या इमारतीत. तिकडच्या हिवाळ्यात कनातीखाली कोण बसणार? त्या धंद्यात बरकत आली तसा तो १८८८ मध्ये रिगाला गेला. रिगा आज लाटव्हियाची राजधानी, तेव्हा रशियन साम्राज्यातलं श्रीमंत बंदर. तिथे यानिस बाउमानिस या लाटव्हियन वास्तुविशारदानं त्याला सर्कशीचं घर बांधून दिलं. त्याच्या घुमटाला आधार आहे रेल्वेच्या रुळांचा. त्या डिसेंबरच्या अखेरीस पडदा उघडला, आणि ती इमारत शहराच्या मध्यभागी अजून उभी आहे. युरोपातल्या सर्वांत जुन्या पक्क्या सर्कशींमध्ये तिची गणना होते.

रिगाला आजकाल आपली मंडळीही फिरायला जातात. फिरून आलेल्यांकडून जुन्या गावाचे मनोरे, ‘काळ्या मस्तकांचा वाडा’ म्हणून ओळखलं जाणारं व्यापाऱ्यांचं सभागृह, काळी कडू बाल्सम दारू, अशी यादी ऐकायला मिळते. माझं म्हणणं, त्या शहराची खरी खोड ओळखायची तर त्याचं जुनं लोखंड बघावं. सर्कशीला रूळ वापरले ते सांगितलंच. तिथली मुख्य मंडई तर झेपेलिन हवाईजहाजांच्या हँगरांमधून उभी राहिली. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी ही अजस्र छपरं बांधली होती. युद्ध संपल्यावर रिगाकरांनी ती सोडवून आणली आणि १९३० पर्यंत त्यांची मंडई करून टाकली. पाच दालनं, एकात मासे, एकात मांस, एकात भाजी. तिथे राय नावाच्या धान्याचा काळा, किंचित आंबूस पाव मिळतो. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला तो पहिल्या घासाला परका आणि तिसऱ्या घासाला ओळखीचा वाटावा, असा. करडे वाटाणे डुकराच्या मांसाबरोबर शिजवलेले, हे नाताळचं जेवण. सर्कस सुरू झाली ती त्याच दिवसांत. पहिल्या खेळाला आलेले रिगाकर वाटाणे खाऊन आले असणार, जसे आपल्याकडे प्रेक्षक जयसिंगपुरी भडंगाची पुडी मांडीवर घेऊन बसतात.

कलेचं म्हणाल, तर या शहराच्या मध्यवस्तीत आर्ट नूव्हो शैलीच्या जवळपास आठशे इमारती आहेत. आल्बर्ट रस्त्यावरच्या काही घरांवर किंचाळणारे मुखवटे, सिंह, स्फिंक्स अशी गर्दी आहे. त्यातली बरीच मिखाईल आयझेन्स्टाइन यानं केली. त्याचा मुलगा सेर्गेई १८९८ मध्ये रिगातच जन्मला, लहानपणी सर्कशीच्या विदूषकांवर लुब्ध झाला आणि पुढे जगातला मोठा चित्रपटकार ठरला. बापाला मुलाचा हा नाद आवडला असेल असं त्या घरांकडे बघून वाटत नाही, पण त्या घरांचे दर्शनी भाग सर्कशीच्या जाहिरातीइतकेच भडक आहेत हेही खरं.

शहरं एवढी लांबची, पण वर्तुळाची हौस दोन्हीकडे जुनी. रिगा वसलं १२०१ मध्ये. त्याच काळात आमच्या शिरोळ तालुक्याच्या टोकाला, खिद्रापूरला, कोपेश्वराचं देऊळ उभं होतं. यादव राजा सिंघणाचा तिथला शिलालेख शके ११३६ चा, म्हणजे १२१३-१४ चा. त्या देवळाच्या स्वर्गमंडपाला मध्यभागी छत नाही. सुमारे तेरा फुटांचं गोल आकाश आहे, खाली तेवढीच गोल शिळा आणि भोवती खांबांचं कडं. त्या शिळेवर उभं राहून वर पाहिलं की तंबूच्या मधोमध उभं राहिल्यासारखं होतं. बाहेरच्या बाजूला पायाशी दगडी हत्तींची रांग आहे, पाठीवर देवता घेऊन. विष्णुपंत तिथे कधी गेले होते का, ते राहू द्या. पण हत्ती-घोड्यांचं वेड या मातीला इटलीहून आलेलं नाही, एवढं मी म्हणेन.

सालामोन्स्कीनं घरं बांधली. छत्र्यांनी तंबू गुंडाळून आगगाडीत टाकला. दोन्ही सर्कशींच्या कहाण्यांचा फरक इथूनच पडतो. तिथला खेळ एका जागी मुरला आणि शहराची मालमत्ता झाला. इथला खेळ गावोगाव पेरला गेला. कृष्णा ओलांडली की म्हैसाळ लागतं, तिथल्या देवलांनी सर्कस काढली. तासगावच्या परशुराम माळ्यांची सिंहांची सर्कस गाजली. मालकाला ‘प्रोफेसर’ म्हणायची पद्धतही प्रोफेसर छत्र्यांपासून रुळली. आणि १८८७ च्या सुमारास ग्रेट इंडियन सर्कस मलबारात तेल्लिचेरीला पोचली, तिथे कीलेरी कुंञिक्कण्णन या तालीम-मास्तरांशी छत्र्यांची गाठ पडली. छत्र्यांकडे घोडे होते, कुंञिक्कण्णन यांच्याकडे लवचिक अंगाची पोरं. १९०१ मध्ये कुंञिक्कण्णन यांनी सर्कशीची शाळाच काढली. त्यानंतर भारतीय सर्कस म्हणजे केरळ असं समीकरण होऊन बसलं, ते आजतागायत. घोडा हळूहळू मागे गेला, माणूस पुढे आला. बेचाळीस फुटांचं रिंगण तेवढं तसंच राहिलं, ज्याच्यासाठी आखलं तो नसला तरी.

सगळ्यात विलक्षण गोष्ट मात्र कसरतीची नाही, गाण्याची आहे. हद्दू खाँसाहेबांचा मुलगा रहिमत खाँ, गुरुबंधू म्हणून विष्णुपंतांच्या जिवाभावाचा. बाप गेल्यावर तो अफूच्या आहारी जाऊन बनारसच्या रस्त्यांवर भटकत होता. विष्णुपंतांना तो तिथे सापडला, अशी कथा आहे. त्यांनी त्याला सर्कशीत आणलं. गावोगावच्या मुक्कामांत खेळाबरोबर खाँसाहेबांच्या मैफली होऊ लागल्या, आणि दरबारी गाण्याला सर्कशीच्या गावात श्रोता मिळाला. लोकांनी त्यांना भूगंधर्व म्हटलं. त्यांची भैरवी पुढे मिरजेच्या अब्दुल करीम खाँच्या गळ्यातून साऱ्या महाराष्ट्रानं ऐकली. विष्णुपंतांच्या मागे त्यांचे भाऊ काशिनाथपंत यांनी सर्कसही सांभाळली आणि रहिमत खाँसाहेबांनाही. खाँसाहेब शेवटपर्यंत कुरुंदवाडातच राहिले आणि १९२२ मध्ये तिथेच गेले. याच गावात १८७२ मध्ये विष्णु दिगंबर पलुस्कर जन्मले होते, ज्यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून गाणं दरबारातून चारचौघांत आणलं. पंचगंगेकाठच्या एका गावानं खेळाला आणि गाण्याला, दोघांनाही राजाच्या अंगणातून तिकिटाच्या खिडकीपर्यंत पोचवलं. सांगलीच्या पटवर्धनांनी १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांकडून नाटक करवून घेतलं, त्याची शताब्दी-स्मारकं झाली. ही कुरुंदवाडची पाती मात्र उपेक्षित राहिली, असं माझं मत आहे.

सर्कशीचं पुढे काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. १९९८ मध्ये केंद्रानं वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल आणि माकड यांच्या खेळांवर बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये ती कायम केली, २०११ मध्ये लहान मुलांना कामावर ठेवण्यावर बंदी आली. दोन्ही निर्णय योग्यच होते. गंमत एवढीच की जनावरांच्या त्या यादीत घोडा नव्हता. शब्द तेवढा भाषेत पक्का बसला. महिनाअखेरीला घर चालवणारी बाई ‘नुसती सर्कस चाललीय’ म्हणते, तेव्हा तिच्या मनात तार असते, घोडा नसतो.

रिगाच्या सर्कशीला रुळांचा घुमट आहे, म्हणून ती कोणालाही दाखवता येते. छत्र्यांच्या सर्कशीचं जे काही उरलं असेल ते कागदावर आहे : हस्तपत्रकं, तिकिटं, घोड्यांच्या खरेदीच्या नोंदी, एखादा पिवळा पडलेला फोटो. आणि आमच्या तालुक्यात कागद ही सर्वांत नाशवंत वस्तू आहे. २००५, २०१९, २०२१, प्रत्येक पुरानं माळ्यावरच्या पेट्या भिजवल्या. कुरुंदवाड, वाडी, शिरोळ, म्हैसाळ, अंकलखोप या गावांत कोणाच्या घरी सर्कशीचा एखादा कागद असेल, तर या पावसाळ्याआधी मोबाइलवर त्याचा स्वच्छ फोटो काढून ठेवा आणि मागच्या बाजूला काही लिहिलं असेल तर त्याचाही.