ब्राउझर आणि ई-मेल बदलावे का? निर्णयापूर्वी जाणून घ्यावयाच्या बाबी

10 सप्टेंबर 2015 रोजी भोपाळ येथे दहाव्या विश्व हिंदी संमेलनाचे उद्घाटन झाले. आगामी काळात डिजिटल जगावर इंग्रजी, चिनी आणि हिंदी या तीन भाषांचा प्रभाव राहील, असे मत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी त्या वेळी मांडले. या तीन नावांत मराठी नव्हती आणि कोकणीही नव्हती. पण हिंदीची लिपी या दोन्ही भाषांचीही लिपी आहे. संमेलनाच्या सुमारे वर्षभर आधी, 27 ऑगस्ट 2014 रोजी, देवनागरीतील ‘डॉट भारत’ हे डोमेन हिंदी, मराठी, कोकणी यांच्यासह आठ भाषांसाठी खुले झाले होते. मात्र देवनागरीतील पत्ता कागदावर असून भागत नाही. ब्राउझरने तो उघडला पाहिजे आणि ई-मेल सेवेने तो स्वीकारला पाहिजे. त्यामुळे कोणता ब्राउझर व कोणती ई-मेल सेवा वापरावी, हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा राहत नाही.

नावे अनेक, इंजिने मोजकीच

संकेतस्थळाचा मजकूर पडद्यावर उमटवणारा ब्राउझरचा गाभा म्हणजे त्याचे ‘इंजिन’. आज प्रामुख्याने तीन इंजिने प्रचलित आहेत. गुगलच्या क्रोममधील ब्लिंक, ॲपलच्या सफारीतील वेबकिट आणि मोझिलाच्या फायरफॉक्समधील गेको. मायक्रोसॉफ्टचा एज, ऑपेरा, ब्रेव्ह आणि झोहो या भारतीय कंपनीचा उला हे सर्व संगणकावर ब्लिंकवरच चालतात. म्हणून क्रोम सोडून यांपैकी एखादा ब्राउझर घेतला, तर धोरण आणि सोयी बदलतात, गाभा मात्र तोच राहतो. खऱ्या अर्थाने वेगळे इंजिन हवे असेल, तर विंडोज वा लिनक्स वापरणाऱ्यांसमोर फायरफॉक्स हाच प्रमुख पर्याय उरतो. त्याची पहिली आवृत्ती नोव्हेंबर 2004 मध्ये आली. मराठी भाषेतही तो उपलब्ध आहे.

फरक पडतो तो मुख्यतः गोपनीयतेत. एका संकेतस्थळावर पाहिलेल्या वस्तूची जाहिरात दुसऱ्या संकेतस्थळावर दिसू लागते, त्यामागे ‘त्रयस्थ कुकी’ असतात. सफारीने मार्च 2020 मध्ये त्या पूर्णपणे रोखल्या. फायरफॉक्सने जून 2022 पासून प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकी स्वतंत्र कप्प्यात ठेवण्याची व्यवस्था सर्वांसाठी लागू केली. क्रोममधून त्या हटवण्याची योजना गुगलने अनेकदा लांबवली आणि अखेर सोडून दिली.

विश्वासाचा प्रश्न

आपण उघडलेले संकेतस्थळ खरोखर त्या बँकेचेच आहे, हे ब्राउझर डिजिटल प्रमाणपत्रावरून ठरवतो. हे प्रमाणपत्र देणाऱ्या कोणत्या संस्थांवर विश्वास ठेवायचा, याची यादी ब्राउझर वा संगणक प्रणाली तयार करणाऱ्या कंपन्या ठेवतात. जुलै 2014 मध्ये भारतातील राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या, प्रमाणपत्र व्यवस्थेतून गुगलच्या काही डोमेनची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले. ती रद्द झाली आणि क्रोमने भारतीय प्रमाणपत्रांवर मर्यादा घातली.

विश्वासाची ही यादी देशाच्या हाती असावी, हा विचार केंद्र सरकारने ऑगस्ट 2023 मध्ये जाहीर केलेल्या स्वदेशी ब्राउझर स्पर्धेमागे होता. एकूण 3 कोटी 41 लाख रुपयांच्या बक्षिसांच्या या स्पर्धेत मार्च 2025 मध्ये झोहोला एक कोटी रुपयांचे पहिले पारितोषिक मिळाले. येथे एक भेद ध्यानात ठेवावा. ब्राउझर स्वदेशी असला, तरी त्याची सुरक्षितता त्रुटी किती लवकर दुरुस्त होतात यावर अवलंबून असते. निवडलेल्या ब्राउझरच्या नव्या आवृत्त्या नियमित येतात की नाही, हे म्हणूनच आधी पाहावे.

ई-मेल : पत्ता, सेवा आणि प्रोग्रॅम

ई-मेलच्या बाबतीत तीन गोष्टींची गल्लत होते. पत्ता वेगळा, टपाल साठवणारी सेवा वेगळी आणि ते वाचण्याचा प्रोग्रॅम वेगळा. जीमेलचे खाते कायम ठेवूनही थंडरबर्ड वा आउटलुक या प्रोग्रॅममध्ये टपाल वाचता येते. प्रोग्रॅम बदलणे हा तुलनेने सोपा बदल आहे. जोडणी ‘आयमॅप’ पद्धतीने केली, तर टपाल सेवेकडेही राहते आणि संगणकावरही दिसते. जुन्या ‘पॉप’ पद्धतीत ते संगणकावर उतरवून सेवेकडून पुसले जाऊ शकते. संगणक बिघडला की पत्रव्यवहारही जातो.

सेवा बदलणे अधिक अवघड असते. ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्र सरकारच्या सुमारे 12 लाख कर्मचाऱ्यांचे ई-मेल झोहोच्या यंत्रणेवर गेल्याची माहिती समोर आली. तरीही त्यांचे पत्ते बदलले नाहीत, कारण त्या पत्त्यांमागील सरकारी डोमेन सरकारच्याच मालकीचे आहे. सामान्य वापरकर्त्याला ही मुभा नसते. जीमेल सोडले, तर तो पत्ता दुसरीकडे नेता येत नाही. बँक, आयकर, विमा, परदेशी गेलेल्या मुलांशी होणारा पत्रव्यवहार, सारे त्या एका पत्त्याला बांधलेले असते. व्यावसायिक, लहान उद्योजक वा संस्था यांनी स्वतःच्या नावाचे डोमेन घेणे यासाठीच हिताचे ठरते. पुढे सेवा कितीदा बदलली, तरी पत्ता टिकतो.

देवनागरी पत्ता वापरायचा असल्यास आणखी एक खात्री करावी. बिगर-रोमन पत्त्यांसाठीचे तांत्रिक मानक 2012 मध्ये तयार झाले आणि जीमेलने ऑगस्ट 2014 मध्ये अशा पत्त्यांशी टपालाची देवाणघेवाण सुरू केली. पण सर्वच सेवा आणि अर्जांचे ऑनलाइन नमुने ते पत्ते स्वीकारत नाहीत. देवनागरी पत्त्यासोबत रोमन लिपीतील पर्यायी पत्ता ठेवणे म्हणून आवश्यक आहे.

बदल करताना

नवा ब्राउझर आणल्यावर जुना लगेच काढून टाकू नये. काही आठवडे दोन्ही सोबत वापरावेत. ज्या सरकारी संकेतस्थळांवर डिजिटल स्वाक्षरी लागते, ती नव्या ब्राउझरवर एकदा चालवून पाहावीत. यांतील काही जुनी संकेतस्थळे इंटरनेट एक्सप्लोररसाठी बांधलेली होती. तो जून 2022 मध्ये बंद झाला, पण एजमध्ये त्याची सुसंगत पद्धत उपलब्ध आहे. पासवर्ड नव्या ब्राउझरमध्ये नेताना तयार होणारी फाइल उघड्या अक्षरांत असते. काम होताच ती कायमची पुसावी.

ई-मेल सेवा बदलताना आधी जुन्या टपालाची प्रत उतरवून घ्यावी. मग जुन्या खात्यातून नव्या खात्याकडे टपाल वळवावे आणि बँकेपासून सुरुवात करून एकेका ठिकाणी पत्ता बदलावा. जुने खाते किमान वर्षभर चालू ठेवावे. दीर्घकाळ न वापरलेले खाते सेवा देणारी कंपनी बंद करू शकते. गुगलने यासाठी दोन वर्षांची मुदत ठेवली आहे.

ज्यांचा संगणक अद्ययावत आहे, गोपनीयतेच्या सोयी चालू आहेत आणि काम सुरळीत चालते, त्यांना घाईने बदल करण्याचे कारण नाही. ज्यांचे सर्व व्यवहार एकाच कंपनीच्या एकाच खात्यावर उभे आहेत, त्यांनी मात्र विचार करावा. ते खाते एखाद्या दिवशी उघडलेच नाही तर काय होईल, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळत नसेल, तर निदान टपालाची प्रत आणि दुसरा पत्ता यांची तजवीज आजच करणे शहाणपणाचे ठरेल.