शाळेचा फळा आणि कारखान्याचे फाटक : तळेगाव, पिंपरी, पाबळ, चाकण

चाकण म्हटले की इतिहासप्रेमींना १६६० सालचा संग्रामदुर्ग आठवतो. फिरंगोजी नरसाळ्याने शायिस्ताखानाच्या अफाट फौजेसमोर तो भुईकोट जवळजवळ दोन महिने झुंजवला. आज त्याच चाकणच्या आसमंतात बजाज, फोक्सवॅगन, मर्सिडीझ-बेंझ आणि महिंद्र यांचे कारखाने उभे आहेत. या धाग्यात ना वेढ्याची कथा आहे, ना मोटारींची. शाळेत शिकवले जाणारे विज्ञान आणि कारखान्यातील काम यांच्यामध्ये एक फाटक असते. पुण्याच्या उत्तरेकडील या पट्ट्यात ते फाटक कोणी, कोणासाठी आणि किती काळ उघडे ठेवले, याची ही हकिकत.

आरंभ तळेगाव दाभाड्यापासून करावा लागतो. चाकणच्या पश्चिमेला वीसेक किलोमीटरवर असलेले हे गाव. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी एक विलक्षण साधी कल्पना मांडली. प्रत्येकाने एक पैसा द्यावा आणि त्या पैशांतून देशी उद्योग उभा राहावा. हाच पैसा फंड. लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिले आणि १९०८ मध्ये तळेगावात पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. जपानमध्ये काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांच्याकडे त्याची धुरा होती.

काचच का? कारण त्या काळी दिव्याच्या चिमण्या आणि बांगड्या परदेशांतून येत, आणि स्वदेशीचे व्रत घेतलेल्या घरातही संध्याकाळी परदेशी चिमणीतच ज्योत तेवे. पण पैसा फंडाचे खरे वेगळेपण मालात नव्हते. हा कारखाना माणसे घडवण्यासाठीही चालवला गेला. वाळू, सोडा आणि चुना यांचे प्रमाण किंचित चुकले तर काच कशी बिघडते, भट्टीचा ताव कसा ओळखायचा, रस फुंकणीवर कसा घ्यायचा, हे तिथे भट्टीसमोर उभे राहूनच शिकावे लागे. तिथे तयार झालेले कारागीर पुढे देशातील इतर काच कारखान्यांत गेले. त्याच तळेगावात त्याच सुमारास विष्णू गोविंद विजापूरकर यांचे समर्थ विद्यालय हे राष्ट्रीय शिक्षणाचे केंद्र होते. इंग्रज सरकारने ते बंद पाडले. एकाच गावात एक शाळा आणि एक शिकवणारा कारखाना, दोन्ही लोकवर्गणीच्या आणि लोकभावनेच्या बळावर. पुढच्या शतकभरात इतकी जवळीक या पट्ट्यात क्वचितच दिसते.

स्वातंत्र्यानंतर चित्र झपाट्याने पालटले. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने देशात पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले ते इथे. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आजची एमआयडीसी, आकाराला आली. आकुर्डीत बजाजच्या स्कूटरी बनू लागल्या. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ही गावे एकत्र करून नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महानगरपालिका. शेतीवाडीच्या गावांचे बारा वर्षांत महानगर झाले.

कारखाने आले, यंत्रे आली. ती चालवणारे हात कुठून आणायचे? मावळ, खेड, मुळशी आणि पुढे सातारा, सांगली, मराठवाडा येथून आलेली मुले शाळेत विज्ञान शिकली होती, पण ते पाठ्यपुस्तकातले. तरफेचे तीन प्रकार त्यांना तोंडपाठ असत. लेथ मात्र त्यांनी पाहिलेला नसे.

इथे १९६६ हे साल महत्त्वाचे ठरते. त्या वर्षी टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, पिंपरी-चिंचवड परिसरात पाय रोवले. सूत्रे सुमंत मुळगावकर यांच्याकडे होती. (‘टाटा सुमो’ या गाडीच्या नावात ज्यांच्या नावाची आद्याक्षरे आहेत, तेच हे मुळगावकर.) आणि पुण्यात तयार झालेले पहिले व्यापारी वाहन बाहेर पडले १९७७ मध्ये! मधली अकरा वर्षे कंपनी काय करत होती? मुळगावकरांनी अग्रक्रम दिला होता प्रशिक्षणाला आणि टूल रूमला. पत्र्याला दरवाजाचा किंवा छताचा आकार देणारी डाय आपल्याला बनवता आली नाही, तर गाडीचे मॉडेल बदलण्यासाठी दर वेळी परदेशाकडे हात पसरावे लागतील, हे त्यांनी ओळखले होते. डाय बनवणारा कारागीर आयात करता येत नाही. तो घडवावा लागतो आणि त्याला वर्षे लागतात.

या घडवण्याला कायद्याची चौकट होती ती १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाची. ठरावीक उद्योगांनी ठरावीक प्रमाणात शिकाऊ उमेदवार घ्यावेत, त्यांना विद्यावेतन द्यावे आणि अखेरीस त्यांची राष्ट्रीय पातळीवर परीक्षा व्हावी, अशी ती व्यवस्था. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, टूल अँड डाय मेकर हे शब्द पिंपरी-चिंचवडच्या घराघरांत पोहोचले ते याच वाटेने. ‘पोरगा टेल्कोत अप्रेंटिसला लागला’ या वाक्याला त्या काळी पदवीपेक्षा अधिक वजन होते.

शाळेतील विज्ञान आणि हे काम यांत नेमके अंतर किती? प्रयोगशाळेतील साध्या व्हर्निअर कॅलिपरचे लघुत्तम माप ०.०१ सेंटिमीटर आणि स्क्रू गेजचे ०.०१ मिलिमीटर. विद्यार्थी तारेचा व्यास मोजतो, सरासरी काढतो, वहीत लिहितो आणि गुण मिळवतो. टूल रूममध्ये तोच ०.०१ मिलिमीटर चुकला तर कित्येक तासांचे काम भंगारात जाऊ शकते. ज्ञान तेच; चुकीची किंमत निराळी. शिकाऊ उमेदवार खऱ्या अर्थाने शिकत असे ती ही किंमत.

हे फाटक सर्वांसाठी उघडे होते असे मात्र नाही. १९७४ मध्ये टेल्कोची अभियंत्यांसाठीची जाहिरात निघाली तेव्हा स्त्रियांनी अर्ज करू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड धाडून जाब विचारला. तिला मुलाखतीला बोलावणे आले आणि नोकरीही मिळाली. त्या म्हणजे सुधा मूर्ती. हा किस्सा नेहमी धाडसाची गोष्ट म्हणून सांगितला जातो. त्याच्या उलट बाजूला आणखी एक गोष्ट आहे : पोस्टकार्ड लिहिण्याचे सुचलेही नसेल अशा मुलींची. दहावीत विज्ञानात उत्तम गुण मिळवूनही फिटर किंवा टर्नर होण्याचा विचार त्यांच्या घरात कोणी केला नसेल.

आता पुन्हा १९६६ कडे. टेल्को पुण्यात आली त्याच वर्षी कोठारी आयोगाने आपला अहवाल केंद्र सरकारला दिला. शाळेत, घरी, शेतात, कार्यशाळेत किंवा कारखान्यात प्रत्यक्ष उत्पादक काम हा शिक्षणाचा अविभाज्य भाग असावा, अशी त्याची शिफारस होती. आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक. या शिफारशीतून महाराष्ट्राच्या शाळांत ‘कार्यानुभव’ आला, आणि पुढे त्याचे काय झाले हे त्या शाळांत शिकलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. खडू, पाकिटे, कागदी फुले आणि वर्षअखेरीस एक श्रेणी. पिंपरीच्या शाळेत मुले कागदी फुले करत होती आणि भिंतीपलीकडे त्यांचे वडील मिलिंग मशीन चालवत होते. विसंगती इतकी ढळढळीत असूनही ती कोणाला खुपली नाही, याचे आश्चर्य वाटते.

एका माणसाला मात्र ती खुपली. डॉ. श्रीनाथ कलबाग हे मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात काम करणारे शास्त्रज्ञ. पन्नाशी ओलांडल्यावर नोकरी सोडून त्यांनी १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातील दुष्काळी पाबळ गावात ‘विज्ञान आश्रम’ सुरू केला. तो भारतीय शिक्षण संस्थेचा प्रकल्प होता, आणि या संस्थेचे संस्थापक होते तेच जे. पी. नाईक. अहवालात उरलेली शिफारस अशी आडवाटेने पाबळच्या माळावर पोहोचली.

कलबागांनी शाळा सुटलेली मुले घेतली आणि त्यांना वेल्डिंग, सुतारकाम, वीजजोडणी, शेती, माती-पाण्याची तपासणी शिकवली. यातूनच ‘मूलभूत तंत्रज्ञान’ हा आठवी ते दहावीसाठीचा अभ्यासक्रम आकाराला आला आणि महाराष्ट्राच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने त्याला मान्यता दिली. आठवड्यातील एक दिवस प्रत्यक्ष कामाचा. क्षेत्रे चार : अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य. शिकवणारा निदेशक शक्यतो गावातलाच कुशल माणूस. आणि कळीचा भाग असा, की मुलांनी केलेले काम गावाने वापरायचे आणि त्याचे पैसे मोजायचे. गावकऱ्याने पैसे दिलेले फाटक नीट लागले नाही तर तो शिक्षकांकडे नव्हे, मुलांकडे तक्रार घेऊन येणार. टूल रूममधली चुकीची किंमत कलबागांनी अशा रीतीने शाळेत आणली. २००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटीने आपल्या आवाराबाहेर उभारलेल्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक पाबळला आली, ती या पार्श्वभूमीवर.

तळेगावहून निघालेला रस्ता चाकणवरून शिक्रापूरला जातो आणि तिथून पाबळ फार दूर नाही. तरीही पाबळची रीत आणि चाकणचे कारखाने यांची म्हणावी तशी गाठ पडली नाही. पाबळची नजर गावावर होती. चाकणला हवा होता जुळणी साखळीवर तत्काळ उभा राहू शकणारा माणूस. २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीझ चाकणला उत्पादन करू लागल्या, पाठोपाठ महिंद्र आली. तोवर पिंपरीने चार दशके घडवलेले कुशल मनुष्यबळ शेजारी तयार होते. मुळगावकरांइतका धीर धरण्याची निकड नव्या उद्योगांना उरली नव्हती. मेकाट्रॉनिक्सचे चांगले प्रशिक्षणवर्ग काही कंपन्यांनी चालवले, पण त्यांतील जागा मोजक्याच.

बाकीच्यांसाठी आले निरनिराळ्या नावांचे ‘ट्रेनी’. २०१३ च्या ‘नीम’ योजनेखाली आलेली मुले कारखान्यात प्रत्यक्ष काम करत, पण ती कारखान्याची कामगार नसत. ही तरतूद नवी नाही. १९६१ च्या अधिनियमातच कलम १८ म्हणते की शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. मूळ कलम २२ नुसार प्रशिक्षण पूर्ण केलेल्या उमेदवाराला नोकरी देण्याचे बंधन मालकावर नव्हते. टेल्कोच्या काळात हीच कलमे होती. फरक असा की मालकाला तेव्हा घडवलेला माणूस सोडणे परवडत नव्हते.

शासनाचे प्रयत्न सुरू राहिले. २०१३ मध्ये चिंचवडला विज्ञान केंद्र उघडले. २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅबसाठी निवडक शाळांना २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागले. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांसोबत घालवावेत असे सुचवले. खेड तालुक्यातील ज्या मुलाच्या आजोबांची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली, त्याच्यासाठी ‘स्थानिक कारागीर’ म्हणजे गावातला सुतार की शेजारच्या कारखान्यात रोबो दुरुस्त करणारा तंत्रज्ञ, हे ठरवायचे काम शाळेकडे आहे. त्या तंत्रज्ञाला दहा दिवस मोकळे सोडायचे की नाही, हे ठरवणार कारखाना.