बायोसमधील लपविलेले पर्याय आणि त्यांचे धोके

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठा राजवटीतील मोडी कागदपत्रे जतन करण्यात आली आहेत. अशा कागदपत्रांच्या डिजिटल प्रती डेस्कटॉपवर ठेवणाऱ्या अभ्यासकांनी बायोसमधील लपविलेले पर्याय खुले करणे टाळावे.

संगणक सुरू करणारे बायोस हे फर्मवेअर मदरबोर्डवरील चिपमध्ये असते. लपविलेल्या पर्यायांसाठी अनेकदा त्यात फेरफार करून ते चिपवर पुन्हा लिहावे लागते. त्या वेळी वीज खंडित झाल्यास संगणक सुरूच होत नाही. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच विषाणूने बायोस पुसल्याने अनेक संगणक असेच बंद पडले होते. व्होल्टेज अवाजवी वाढविल्यास प्रोसेसर कायमचा निकामी होऊ शकतो.

टीपीएममधील नोंद पुसली गेल्यास बिटलॉकरने कुलूपबंद केलेली डिस्क रिकव्हरी कीशिवाय उघडत नाही. त्यामुळे प्रती आणि की, दोन्ही संगणकाबाहेर जपणे आवश्यक आहे.