सुरतेच्या जमिनीखालचा इतिहास

सुरत म्हटले की मराठी माणसाला १६६४ आठवते. पण इथे राहणाऱ्या आपल्या पिढीची सुरत १९९४ पासून मोजावी लागते. त्या पावसाळ्यात तापीचे पाणी वस्त्यांत शिरले, गटारे तुंबली, कचरा कुजला. गणेशोत्सव संपतो न संपतो तोच प्लेगची बातमी आली आणि लाखो लोकांनी शहर सोडले. आपलीही कितीतरी कुटुंबे घराला कुलूप लावून खानदेशात गेली.

मे १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त झाले. त्यांनी झोनच्या अधिकाऱ्यांकडे अधिकार सोपवले आणि त्यांना रोज रस्त्यावर उतरवले. १९९६ मध्ये इंटॅकच्या पाहणीत सुरत चंडीगडखालोखाल देशातले दुसरे स्वच्छ शहर ठरले.

झाडलेला रस्ता दिसतो, भुयारी गटार दिसत नाही. सुरत सपाट, समुद्राजवळची. मैलापाणी नुसत्या उताराने शुद्धीकरण केंद्रापर्यंत पोहोचत नाही. ते पंपिंग स्टेशनच्या विहिरीत जमते आणि तिथून उपसावे लागते. रात्री पंप बंद पडला, तर मागच्या गल्लीतले चेंबर भरून वाहू लागतात. पूर्वी हे कळायचे ऑपरेटरच्या फोनने, नाहीतर रहिवाशांच्या तक्रारीने. आता स्काडा यंत्रणेमुळे विहिरीतली पातळी आणि पंप चालू की बंद, हे दूरच्या नियंत्रण कक्षात पडद्यावर दिसते.

सोयीपेक्षाही यात मोठी गोष्ट आहे. पातळी नेहमीपेक्षा वेगळी दिसली, की बिघाडाचा वा चोकअपचा अंदाज लवकर येतो आणि मशीन वेळेत पाठवता येते. मग घाईघाईने माणूस मॅनहोलमध्ये उतरवण्याची वेळ येत नाही. सुरक्षासाधनांशिवाय कोणालाही गटारात उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. गटारात जीव गमावलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये द्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये दिला. तरीही देशात असे मृत्यू थांबलेले नाहीत. सेन्सर पाण्याची पातळी सांगतो. चेंबरमध्ये कोणी उतरले आहे का, ते सांगत नाही. ते पाहणे आपले काम.

म्हणून यंदा निर्मालय कलशातच टाकूया. मंडपामागच्या गटारात पडलेला हार शेवटी कोणाच्या तरी हातानेच निघतो.