मिठाच्या पाण्यातला क्लोरीन

‘सॉल्टवॉटर पूल’मध्ये क्लोरीन नसतो, असं मला आजवर किमान पाच-सहा जणांनी ठामपणे सांगितलंय. त्यातले दोघे केमिकल इंजिनिअर होते. खरी गोष्ट उलटी आहे. अशा पूलमध्ये क्लोरीनच असतो, फक्त तो डब्यातून येत नाही. पंपाशेजारच्या पाइपमध्ये बसवलेल्या हातभर लांबीच्या नळकांड्यात तो मिठापासून तयार होतो. त्या नळकांड्यात टायटॅनियमच्या काही पट्ट्या असतात आणि त्यांतून कमी व्होल्टेजचा डीसी करंट जातो. बस. पण इतकं साधं यंत्र घरगुती पूलपर्यंत पोचायला पावणेदोनशे वर्षं का लागली, हे शोधायला गेलो आणि भलतीकडेच पोचलो.

मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की काय होतं, हे १८०० सालीच कळलं होतं. व्होल्टाची बॅटरी जगाला माहीत झाली त्याच वर्षी इंग्लंडमध्ये विल्यम क्रुकशँकने हा प्रयोग केला. एका टोकाला अल्कली, दुसऱ्या टोकाला उग्र वासाचा वायू. त्या वायूला ‘क्लोरीन’ हे नाव हम्फ्री डेव्हीने १८१० मध्ये दिलं. म्हणजे तत्त्व तयार होतं. अडचण दोन गोष्टींची होती: स्वस्त वीज आणि टिकणारा इलेक्ट्रोड. पहिली डायनॅमोने सोडवली. दुसरीने मात्र सगळ्यांना रडवलं.

१८९० च्या दशकात यूजीन हर्मिट नावाच्या फ्रेंच माणसाने समुद्राच्या पाण्यातून वीज सोडून जंतुनाशक द्रव बनवला. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या वर्दिंग गावात १८९३ मध्ये टायफॉइडची मोठी साथ आली होती. पुढच्याच वर्षी तिथल्या गटारांवर या द्रवाचा प्रयोग झाला. समुद्र दाराशी, मीठ फुकट. पण हर्मिटच्या यंत्रात ॲनोड प्लॅटिनमचा होता. मीठ फुकट आणि पट्टी सोन्याच्या तोडीची, हा हिशोब कुठल्याही नगरपालिकेला परवडणारा नव्हता.

त्यामुळे क्लोरीन पाण्यात आला तो पावडरच्या रूपाने. या गोष्टीतला माझा आवडता माणूस म्हणजे डॉ. जॉन लील. अमेरिकेतल्या जर्सी सिटीला पाणी पुरवणाऱ्या खासगी कंपनीवर शहराने खटला भरला होता: पाणी कायम शुद्ध नसतं, करार मोडलाय. कोर्टाने कंपनीला उपाय करायला मुदत दिली. लील कंपनीचा सल्लागार. त्याने जॉर्ज फुलर या इंजिनिअरला गाठलं आणि २६ सप्टेंबर १९०८ पासून बूंटनच्या जलाशयाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडरचं द्रावण सोडायला सुरुवात केली. शहराला न विचारता! त्या काळी लोकांना ‘पाण्यात केमिकल’ या कल्पनेचीच किळस होती. पुढे कोर्टात शपथेवर त्याला खोदून खोदून विचारलं गेलं. हे पाणी तुम्ही स्वतः प्याल का? घरच्यांना द्याल का? तो हो म्हणाला, आणि जगात याहून सुरक्षित पाणी नाही असंही म्हणाला. कोर्टाने अखेर त्याचं म्हणणं मान्य केलं. काही वर्षांतच अमेरिकेतली शहरं एकामागून एक क्लोरीन वापरू लागली. आपल्याकडे ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत जी टीसीएल पावडर टाकतो, ती हीच ब्लीचिंग पावडर.

(न विचारता थेट प्रॉडक्शनवर डिप्लॉय करणारा हा इतिहासातला सर्वांत यशस्वी माणूस असावा. ऑफिसमध्ये कुणी हे उदाहरण देऊ नये.)

मग १९१५ साल. एप्रिलमध्ये ईप्रच्या रणांगणावर जर्मन सैन्याने सिलिंडर उघडून क्लोरीनचा ढग शत्रूच्या खंदकांवर सोडला. मिठाच्या इलेक्ट्रोलिसिसमधून क्लोरीन ढिगाने निघत होता, म्हणून तो इतक्या प्रमाणात हाताशी होता. आणि त्याच वर्षी, त्याच युद्धात, हेन्री डेकिन हा रसायनशास्त्रज्ञ जखमा धुवायला सौम्य हायपोक्लोराइट बनवत होता. गॅलिपोलीच्या मोहिमेत तो ‘ॲक्विटानिया’ या इस्पितळ-जहाजावर गेला आणि तिथे समुद्राच्या पाण्यातून वीज सोडून जंतुनाशक तयार करण्याची सोय केली. जिथे लागतो तिथे, लागेल तेवढा. आजचा पूल क्लोरिनेटर मला त्या जहाजावरच्या यंत्राचा थेट वंशज वाटतो.

जिथे लागतो तिथेच बनवणं का महत्त्वाचं, हे मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. १४ जुलै २०१० च्या पहाटे शिवडीच्या हाजीबंदरमध्ये वर्षानुवर्षं पडून असलेल्या सिलिंडरमधून क्लोरीन गळला आणि शंभराहून अधिक लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं. साठवलेला क्लोरीन कधीतरी बाहेर येऊ शकतो. पाइपमध्ये तासाला वीस ग्रॅम बनणारा आणि लगेच पाण्यात विरघळणारा क्लोरीन तसं काही करू शकत नाही.

पट्टीचा प्रश्न सुटला १९६० च्या दशकात. प्लॅटिनम महाग म्हणून उद्योग ग्रॅफाइट वापरत होता, पण ग्रॅफाइट झिजत जायचा. टायटॅनियम गंजत नाही, पण ॲनोड केला की त्यावर ऑक्साइडचा थर चढतो आणि वीज अडते. हेन्री बिअर या संशोधकाने टायटॅनियमवर रुथेनियम ऑक्साइडचा अगदी पातळ लेप दिला. लेप वीज वाहतो, टायटॅनियम टिकतं. हे ॲनोड आधी क्लोरीनच्या मोठ्या कारखान्यांत गेले. नंतर त्यांची छोटी भावंडं ऑस्ट्रेलियात घराघरांच्या मागच्या अंगणातल्या पूलपर्यंत पोचली.

तिथून अलिबागजवळच्या माझ्या मामाच्या घरापर्यंत. मी कॉम्प्युटर इंजिनिअर असल्यामुळे मला सगळी यंत्रं कळतात, अशी घरच्यांची समजूत आहे. मामाचा पूल ८ बाय ४ मीटरचा, दीड मीटर खोल. ४८ हजार लिटर. पूल सांभाळणारे काका रोज उघड्या हातांनी पावडर कालवायचे आणि त्याच कोंदट पंपरूममध्ये ॲसिडचा कॅनही ठेवलेला असायचा. ब्लीचिंग पावडरवर ॲसिड सांडलं तर त्या खोलीत छोटं ईप्र व्हायला वेळ लागला नसता. काका खोकायचे. ‘धुळीचा त्रास आहे’ म्हणायचे.

नव्या पूलमध्ये सेल बसवणं सोपं. जुन्या पाइपात खरी कसोटी. क्रम ठरलेला असतो: पंप, मग फिल्टर, हीटर असेल तर हीटर, आणि सर्वांत शेवटी सेल. सेल हीटरच्या आधी बसवला तर ताजा क्लोरीन त्याचा धातू खातो. आमच्याकडे हीटर नव्हता, पण जागाही नव्हती. फिल्टरमधून निघालेला ६३ एमएमचा पाइप जेमतेम दीड फुटावर जमिनीत जात होता. प्रवाह चालू आहे की नाही हे ओळखणाऱ्या फ्लो स्विचच्या आधी फूटभर सरळ पाइप हवा, नाहीतर वळणावरच्या खळबळीने तो फसतो. त्यात सेल आणि दोन युनियन.

शेवटी प्लंबरने पाइप कापून वर उचलला, आडवा नेला आणि पुन्हा खाली आणला. उलट्या ‘यू’सारखा. दिसायला विचित्र, पण हाच आकार योग्य. सेलमध्ये क्लोरीनबरोबर हायड्रोजनही बनतो. पंप चालू असेपर्यंत तो पाण्याबरोबर वाहून जातो. पंप बंद आणि सेल चालू राहिला, तर हायड्रोजन साठून पाइप फुटू शकतो. उंच भागात वायू जमला की तिथला फ्लो स्विच कोरडा पडतो आणि सेल बंद होतो. शिवाय सेलची वीज पंपाच्याच टायमरवरून घेतली, म्हणजे पंप थांबला की सेलही थांबणार. सेलच्या दोन्ही बाजूंना व्हॉल्व्ह मात्र लावू दिले नाहीत. दोन्ही चुकून बंद राहिले तर वायूला वाटच उरत नाही. प्लंबरला हे पटवायला पाइप चिकटवण्यापेक्षा जास्त वेळ गेला.

मीठ लिटरला साडेतीन ग्रॅम. समुद्राच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकं. ५० किलोच्या जवळपास साडेतीन गोणी. हे मीठ संपत नाही, कारण क्लोरीन काम करून पुन्हा क्लोराइड होतो. फिल्टर उलटा धुताना आणि पोरांच्या उड्यांनी जे जातं तेवढंच भरायचं.

काकांच्या हातून पावडर सुटली. ॲसिड सुटलं नाही. सेल चालतो तसा पाण्याचा पीएच वर चढत राहतो, आणि बोअरचं पाणी जड असल्याने पट्ट्यांवर कॅल्शियमचा पांढरा थर बसतो. यंत्र करंटची दिशा आलटून-पालटून तो झटकतं, तरी काही महिन्यांनी सेल काढून सौम्य ॲसिडने धुवावा लागतो. मामाने त्यासाठी रबरी हातमोजे आणून दिलेत. ॲसिडचा कॅन आता पंपरूमच्या बाहेर, सावलीतल्या कट्ट्यावर असतो.