घडीचे दार

घडीचे दार म्हणजे दोन किंवा अधिक उभ्या झडपा बिजागऱ्यांनी एकमेकींना जोडून तयार केलेले आणि उघडताना स्वतःवरच दुमडणारे दार होय. एका झडपेच्या नेहमीच्या दाराला उघडण्यासाठी स्वतःच्या रुंदीएवढी मोकळी जागा लागते. दोन झडपांच्या घडीच्या दाराला साधारण तिच्या निम्मी पुरते. त्यामुळे अरुंद जागेत घराच्या आतील भागात ते वापरले जाते. अमेरिका व कॅनडातील घरांत भिंतीतील कपाटे आणि कपडे धुण्याच्या यंत्राचे कोनाडे यांना अशी लाकडी दारे सर्रास आढळतात. भारतातील शहरी सदनिकांत न्हाणीघर किंवा स्वयंपाकघरासाठी हलके पीव्हीसीचे घडीचे दार प्रचलित आहे.

हे दार अडकते, घासते किंवा रुळातून निसटते, अशी तक्रार वारंवार होते. मात्र असा बिघाड बहुतेक वेळा झडपेत नसून खुंट्या, रूळ किंवा चौकट यांत असतो. त्यामुळे दार बदलण्यापूर्वी कारण शोधणे हिताचे ठरते.

रचना

दोन झडपांच्या दारात चौकटीलगतची झडप मुख्य असते. ती चौकटीला बिजागरीने जोडलेली नसते, तर वर व खाली बसवलेल्या दोन खुंट्यांवर (पिव्हट) फिरते. वरची खुंटी रुळातील सरकत्या ठोकळ्यात, तर खालची खुंटी जमिनीलगतच्या खाचा असलेल्या ब्रॅकेटमध्ये बसते. दाराचे जवळजवळ सर्व वजन खालच्या खुंटीवर येते. तिला आटे असल्यामुळे ती फिरवून दार वर किंवा खाली करता येते. दुसरी झडप पहिलीला सहसा तीन बिजागऱ्यांनी जोडलेली असते. तिच्या वरच्या टोकाला स्प्रिंग असलेली मार्गदर्शक खुंटी किंवा चाक असते; ते रुळातून सरकते. चार झडपांच्या दारात अशा दोन जोड्या मध्यभागी येऊन मिळतात.

अमेरिकेत अशा दारांसाठी ८० इंच (सुमारे २०३ सेंमी) उंचीची चौकट प्रमाण मानली जाते. दोन झडपांच्या दारांची नेहमीची मापे २४, ३०, ३२ व ३६ इंच असून ती चौकटीच्या रुंदीची असतात. प्रत्यक्ष दार सुमारे अर्धा इंच कमी रुंद असते. झडपेची जाडी बहुधा ३५ मिमी असते. स्वस्त झडपा आतून पोकळ असतात आणि त्यांत भरीव लाकूड फक्त कडेने असते.

पीव्हीसीच्या दारात अनेक अरुंद पट्ट्या लवचीक जोडांनी गुंफलेल्या असतात. हे दार संपूर्णपणे वरच्या रुळाला टांगलेले असते आणि पेटीच्या भात्यासारखे मिटते. जिने व जुन्या उद्वाहकांना असलेले लोखंडी जाळीचे दार कात्रीसारख्या आडव्या-तिरप्या पट्ट्यांवर चालते; त्याची रचना वेगळी आहे.

इतिहास

अनेक झडपांची दारे प्राचीन काळापासून ज्ञात आहेत. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम येथील एका घरात अनेक झडपांची लाकडी पडदी कोळशाच्या रूपात टिकून आहे. खुंटीवर फिरणारे दारही तितकेच जुने आहे. महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांची जड दारे वर व खाली कोरलेल्या खाचांत बसवलेल्या खुंट्यांवर फिरतात; घडीच्या दाराची मुख्य झडप याच तत्त्वावर चालते.

बिघाड व त्यांची कारणे

दार खाली घासत असेल, तर खालची खुंटी खाली गेलेली असते किंवा जमिनीवर नवी फरशी अथवा गालिचा आल्याने जागा कमी झालेली असते. दार व चौकट यांतील फट वर रुंद आणि खाली अरुंद दिसत असेल, तर वरचा ठोकळा सरकलेला असतो. दार रुळातून वारंवार निसटत असेल, तर मार्गदर्शक खुंटीची स्प्रिंग ढिली झालेली असते, रूळ वाकलेला असतो किंवा दार फार खाली बसवलेले असते. पोकळ झडपेत खालच्या खुंटीचे भोक मोठे होऊन खुंटी डळमळू लागणे हा जुन्या दारांतील नेहमीचा दोष आहे.

चौकट काटकोनात आहे की नाही, हे तिचे दोन्ही कर्ण मोजून कळते. कर्ण असमान असतील, तर नवे दारही तसेच अडकते. दमट हवेत लाकूड फुगते व कोरड्या हवेत आकसते. कोकणासारख्या प्रदेशात पावसाळ्यात अडकणारे दार भरपूर रंधून काढले, तर हिवाळ्यात तेथे मोठी फट पडते.

दुरुस्ती

दार काढण्यासाठी ते पूर्ण मिटवून सरळ वर उचलावे, खालची खुंटी ब्रॅकेटबाहेर आली की खालचा भाग पुढे ओढावा आणि मग वरच्या खुंट्या रुळातून सोडवाव्यात. आरसा लावलेले किंवा भरीव दार जड असते. ते काढताना दोन माणसे असावीत.

उंची बदलण्यासाठी दार किंचित उचलून खालची खुंटी पान्याने फिरवतात. फट सारखी करण्यासाठी वरच्या ठोकळ्याचा स्क्रू सैल करून ठोकळा बाजूला सरकवतात, किंवा खालची खुंटी ब्रॅकेटच्या पुढच्या खाचेत बसवतात. बदल थोडा-थोडा करून प्रत्येक वेळी दार मिटवून व उघडून पाहावे.

बिजागरीचे स्क्रू धरत नसतील, तर भोकात लाकडाची बारीक कांडी पांढऱ्या डिंकात बुडवून ठोकावी आणि डिंक वाळल्यावर स्क्रू पुन्हा बसवावा. खुंटीचे मोठे झालेले भोकही असेच लाकडी गुल्लीने बुजवून नव्याने पाडता येते. रूळ पुसून त्याला मेण किंवा सिलिकॉनचे कोरडे वंगण लावावे. ग्रीसवर धूळ चिकटते व दार आणखी जड चालते. रंधलेली कड उघडी न ठेवता रंग किंवा वॉर्निश लावून बंद करावी, अन्यथा ती पुन्हा ओल धरते.

दार बदलणे

झडपेचे थर सुटले असतील, ती पिळवटली असेल किंवा कडेचे भरीव लाकूड कुजले असेल, तर दार बदलावे लागते. रुंदी व उंची प्रत्येकी तीन ठिकाणी मोजून सर्वांत लहान माप धरतात. पोकळ झडप कडेच्या भरीव लाकडापलीकडे कापता येत नाही. जुना रूळ नव्या दाराच्या खुंट्यांना जुळेलच असे नाही. म्हणून सोबत आलेला रूळ बसवणे सोयीचे असते. पर्याय म्हणून सरकते दार किंवा पडदा वापरता येतो. सरकत्या दारात मात्र कपाटाचा निम्मा भाग नेहमी झाकलेला राहतो.

सुरक्षितता

दार मिटताना दोन झडपांमधील सांध्यात बोटे चिरडू शकतात. लहान मुले असलेल्या घरात याकडे विशेष लक्ष द्यावे लागते.

आडव्या पट्ट्यांच्या फटी असलेले दार केवळ शोभेसाठी नसते. गॅसवर चालणारी भट्टी किंवा पाणी तापवण्याचे यंत्र असलेल्या कोनाड्याला ज्वलनासाठी हवा अनेकदा त्याच फटींतून मिळते. त्या जागी सलग दार बसवल्यास ज्वलन अपुरे होऊन कार्बन मोनॉक्साइड हा विषारी, गंधहीन वायू साचू शकतो. बंदिस्त न्हाणीघरातील गॅस गिझरचा धोकाही याच कारणाने उद्भवतो.

अमेरिकेत घरगुती वापराच्या रंगातील शिशावर १९७८ मध्ये बंदी आली. त्यापूर्वी रंगवलेले दार घासताना किंवा रंधताना उडणारी धूळ विषारी असू शकते, म्हणून असा रंग आधी तपासून घेतात.

हेही पहा

बिजागरी
सुतारकाम
चौकट