पुनर्मीलनाकडून विस्मरणाकडे : प्रेमसुखात्मिकेतील एक स्थित्यंतर

विप्रलंभ आणि करुण यांतील भेद भरताने ‘अपेक्षे’च्या निकषावर केला आहे. विप्रलंभ सापेक्ष असतो, म्हणजे त्यात पुनर्मीलनाची आशा शिल्लक असते. करुण निरपेक्ष असतो. परंतु प्रिय व्यक्ती हयात आहे आणि तरीही आशा संपली आहे, अशा वियोगाला या विभागणीत सहज जागा सापडत नाही. हॉलिवुडच्या प्रेमसुखात्मिकेचा इतिहास या रिकाम्या जागेच्या संदर्भात वाचता येतो.

लिओ मॅकॅरी यांच्या ‘द ऑफुल ट्रूथ’ (१९३७) या चित्रपटाचे कथानक विप्रलंभाचेच आहे. जेरी आणि ल्यूसी यांचा घटस्फोट मंजूर होतो. मात्र तो अंतिम होण्यास नव्वद दिवसांचा अवधी असतो. कायद्याने दिलेली ही मुदत म्हणजेच कथेतील ‘अपेक्षा’ होय. मुदत संपण्याच्या मध्यरात्री दोघे पुन्हा एकत्र येतात. अशा चित्रपटांना स्टॅन्ली कॅव्हेल यांनी १९८१ मध्ये ‘पुनर्विवाहाची सुखात्मिका’ म्हटले आणि त्यांत परस्परशिक्षणाची नैतिक प्रक्रिया पाहिली. हा अन्वयार्थ मौलिक आहे. पण त्यामागील ऐतिहासिक अटही ध्यानात घेतली पाहिजे. १९३० साली तयार झालेली निर्मितिसंहिता १९३४ पासून कठोरपणे अमलात आली, आणि विवाहसंस्थेचे पावित्र्य राखणे हे तिचे एक कलम होते. वियोगाचा शेवट पुनर्मीलनात होणे हे कलात्मक निवडीइतकेच संहितेलाही सोयीचे होते.

१९६८ मध्ये या संहितेची जागा वर्गीकरणपद्धतीने घेतली. १९७० पासून कॅलिफोर्नियात जोडीदाराचा दोष सिद्ध न करता विवाह संपविता येऊ लागला. वुडी ॲलन यांच्या ‘ॲनी हॉल’ (१९७७) मधील जोडपे तर विवाहितही नाही. त्यांना थांबविणारी कोणतीही मुदत नाही. ॲल्वी आपल्या नाटकात ॲनीला परत आणतो, प्रत्यक्षात ती परतत नाही. पुनर्मीलनाचा जुना शेवट येथे नाटकातल्या नाटकापुरता उरतो, आणि त्याचेच हसू होते.

निकोलस स्टोलर यांच्या ‘फर्गेटिंग सारा मार्शल’ (२००८) मध्ये हे स्थित्यंतर पूर्ण होते. सारा पीटरकडे परतू पाहते. क्षणभर तोही ओढला जातो, पण अखेर नकार देतो. १९३७ साली जे फलप्राप्तीचे स्थान होते, ते येथे ओलांडावयाचे प्रलोभन ठरते. पीटरची सुटका होते ती ड्रॅक्युलावरील आपले बाहुल्यांचे संगीतनाटक पुरे केल्याने. दुःखाचे विनोदात रूपांतर करण्याचे काम पूर्वी दोघे मिळून करीत. आता ते एकट्याची निर्मिती करते. अपेक्षा संपूनही करुणाची निष्पत्ती होत नाही, याचे कारण हेच.

या मुक्तीची किंमतही नोंदविली पाहिजे. ल्यूसी जेरीची बहीण असल्याचे सोंग घेऊन त्याच्या नव्या सोयरिकीत विघ्न आणते. कथेचा शेवट घडविण्यात तिचा वाटा बरोबरीचा आहे. नंतरच्या दोन्ही चित्रपटांची शीर्षके स्त्रीच्या नावाची आहेत, परंतु कथन पुरुषाच्या दृष्टीतून होते. पुनर्मीलनाला दोघांची संमती लागत होती. विस्मरणाला एकाची पुरते. संहितेच्या बंधनातून सुटलेल्या सुखात्मिकेने नायिकेला निघून जाण्याचे स्वातंत्र्य दिले, पण त्याबरोबरच संवादातील तिची जागाही काढून घेतली. या प्रकाराच्या पुढील समीक्षेने आपला प्रश्न येथून मांडावयास हवा.